मागच्या गल्लीतला गरबा

"मागच्या गल्लीत दिवे बसेपर्यंत कराटे क्लास बंद!" आईने मोहनाला बजावलं. क्लासची वाट त्याच अंधाऱ्या गल्लीतून जायची. सोसायटीच्या तीन मीटिंगांत दिव्यांचा विषय निघाला होता आणि तिन्ही वेळा सगळे चहा पिऊन उठले होते. चौथ्या मीटिंगला मोहनाने हात वर केला. "यंदा गरबा मागच्या गल्लीत घेऊया ना!" बडोद्यात गरब्याला कोण नाही म्हणणार? चार दिवसांत गल्ली लखलखली.

दसऱ्यानंतर सेक्रेटरी हर्षदकाका शिडीवर दिसले आणि मोहना धावतच गल्लीत गेली.

"काका, दिवे काढू नका ना!"

"काढतंय कोण, बेटा? पक्के बसवतोय," काका हसले. "तीन मीटिंगा वेड्यासारखा दिवेच मागत बसलो. गरबाच मागायला हवा होता! पळ आता, क्लासला उशीर होतोय."