फोटोपुरतं गाणं

मुलांनो, रुग्णालयाच्या सभागृहातलं एक सजवलेलं व्यासपीठ डोळ्यांसमोर आणा. मधल्या खुर्चीत अकरा वर्षांची शर्वाणी बसलीय. तिची फुफ्फुसं आजारी आहेत, नाकात ऑक्सिजनची नळी आहे. आज तिच्या गाण्याचा कार्यक्रम. एका गाण्यापुरता श्वास उरावा म्हणून सकाळपासून ती कुणाशी बोललेली नाही.

आधी दीपप्रज्वलन झालं. मग पाहुण्यांचे सत्कार, मग सत्काराला उत्तरं. अध्यक्ष बापूसाहेब तर शर्वाणीच्या जिद्दीवर इतका वेळ बोलले, की पेटीवाले काका पेटीवरच डोकं टेकून झोपले.

अखेर बापूसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "गाणं राहू द्या आता. पोरीला उगाच त्रास कशाला? फोटो तेवढा काढू."

सगळे पाहुणे तिच्यामागे दाटीवाटीनं उभे राहिले.

"नळी दिसू द्या हं," बापूसाहेबांनी फोटोवाल्याला बजावलं. मग तिच्या हातात माईक देत ते म्हणाले, "बाळ, गातेयस असं नुसतं तोंड उघड."

शर्वाणीनं शहाण्या मुलीसारखं तोंड उघडलं, आणि दोन्ही अंतरे गाऊन होईपर्यंत मिटलं नाही.