दोनदा वाजलं तर

यंत्र दोनदा वाजलं.

मिनेको ओसागावाचा हात सवयीने पुढच्या पुस्तकाकडे गेला. एकदा वाजलं की पुस्तक मोजलं गेलं. दोनदा वाजलं की तोच आकडा पुन्हा वाचला गेला, म्हणजे यंत्राचा लाल उजेड चुकून त्याच पुस्तकाच्या बारकोड पट्टीवरून पुन्हा फिरला. दोनदा वाजलं तर थांबायचं नाही, पुढे सरकायचं, हे सोळा वर्षांपूर्वी तिनेच सगळ्यांना शिकवलं होतं. वाचनालय दर फेब्रुवारीत पाच दिवस बंद असे आणि तेवढ्यात एकेचाळीस हजार पुस्तकं मोजून व्हावी लागत. आज पाचवा दिवस होता.

"झालं का, ओसागावासान?" वाचनालयाचे प्रमुख कुराहाशी टेबलावरून ओरडले. "पाककृतींचं कपाट संपलं की यादी बंद. ते मासेमारीचं पुस्तक यंदाही नाहीच ना?"

"अजून तरी नाही."

"सलग तिसरी मोजणी. नोंदीतून काढून टाका. 'वाचकाने हरवलं' असा कायमचा शेरा मारा आणि त्या म्हाताऱ्याला घरी पाठवा. सकाळपासून सायकलींपाशी बसलाय. गोठून गेला तर तीही नोंद आपल्यालाच करावी लागेल."

मिनेकोने खिडकीतून पाहिलं. शिओमी बाकावर ताठ बसले होते. गेल्या दोन्ही मोजण्यांच्या वेळी असेच बसले होते.

साठ वर्षं समुद्रावर काढलेला हा माणूस बायको गेल्यावर दर आठवड्याला पाककृतींचं एक पुस्तक नेई आणि परत देताना म्हणे, "काल पुन्हा मिसो सूपने मला हरवलं." मग एकदा त्यांनी नेलेलं मासेमारीचं ते पुस्तक परत आलं नाही. सुट्टीच्या दिवशी दारातल्या परतीच्या पेटीत टाकलं, असं ते सांगत राहिले. तेव्हा काउंटरसमोर रांग होती. "मशीनचं कुणाशी वैर नसतं, शिओमीसान," मिनेको मोठ्याने म्हणाली होती. रांगेत कुणीतरी हसलं होतं.

नियमाप्रमाणे तेच पुस्तक विकत आणून द्यायला सांगितलं, तर ते म्हणाले, "जे हरवलंच नाही, ते भरून काय देऊ?" त्यांचं कार्ड बंद झालं. तरी ते रोज येत, कोपऱ्यात बसून वर्तमानपत्र वाचत. पाककृतींच्या कपाटाकडे मात्र त्यांनी पुन्हा मान वळवूनही पाहिलं नाही. मन खात असेल, असं मिनेकोला वाटे.

तिचा हात थांबला. मघाशी उजेड सावकाश फिरला होता. तिला खात्री होती, तो एकाच पट्टीवरून दोनदा गेला नव्हता.

शेजारी शेजारी दोन पुस्तकं होती. दोन्हींचं नाव एकच, 'बांगडा'. दोन्हींच्या पाठीवर पाककृतींची चिठ्ठी. तिने उजवं उघडलं. तळणीचे फोटो. डावं उघडलं. गळ, दोरा, गाठी.

तिने डाव्याच्या पट्टीची कड नखाने उचलली. खाली जुन्या, फाटलेल्या पट्टीचा तुकडा चिकटून होता. त्यावरचे शेवटचे चार आकडे हरवलेल्या पुस्तकाच्या नोंदीतले होते, तिला तोंडपाठ होते. ४१७२. वरच्या पट्टीच्या कोपऱ्यात, ती चिकटवणाऱ्याचा लहानसा शिक्का होता. तो तिचाच होता. पेटीतून फाटक्या पट्टीचं पुस्तक निघालं, तेव्हा तिने नावावरून नोंद शोधली होती आणि पहिली दिसली तिचीच पट्टी आणि चिठ्ठी छापली होती.

कुराहाशी येऊन मागे उभे राहिले.

"नवी पट्टी लावा," ते हळूच म्हणाले. "'शेल्फवर सापडलं', एवढंच लिहा. चूक कुणाची, हे विचारायला कोण येतंय?"

"तो माणूस सकाळपासून तेच तर विचारतोय," मिनेको म्हणाली आणि पुस्तक घेऊन बाहेर गेली.

कोट घालायचंही तिला सुचलं नाही. बाकासमोर उभी राहून ती कमरेत वाकली, आणि वाकलेलीच राहिली.

"चूक माझी होती, शिओमीसान. पट्टी मी चुकीची लावली. पुस्तक इथेच होतं."

शिओमींनी पुस्तकाला हात लावला नाही. फक्त पाठीवरची चिठ्ठी पाहिली.

"दोन बांगड्यांतला डावा," ते म्हणाले.

मिनेकोने मान वर केली. "तुम्हाला माहीत होतं?"

"कार्ड बंद झालं त्याच आठवड्यात दिसलं. हातसुद्धा पुढे केला होता."

"मग काढून का नाही दाखवलंत?"

"मी काढलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता, म्हाताऱ्याने आत्ताच आणून खुपसलं." ते गुडघ्यावर हात रोवून सावकाश उठले. "म्हणून त्या कपाटाजवळ फिरकलो नाही. म्हटलं, मोजता मोजता एक दिवस तुमच्याच हाताला लागू दे."