कुरुदचं दूध

बाळाला माती देऊन सुगत वॉर्डात परतला, तेव्हा डॉक्टर गीतांजली रिपोर्ट घेऊन प्रेरणाच्या खाटेशी उभ्या होत्या. त्याच्या नखांत अजून माती होती. धुवावी असं त्याला वाटलंच नाही.

“लिस्टेरिया नावाचा जंतू असतो,” डॉक्टर म्हणाल्या. “आईला नुसता ताप येतो, अंग दुखतं. साधा व्हायरल वाटतो. पोटातल्या बाळाला मात्र तो झेपत नाही.”

आठव्या महिन्यात प्रेरणाला तसाच ताप आला होता. उतरलाही होता. मग अवेळीच कळा सुरू झाल्या. मुलगी झाली, पण रडली नाही. काचेच्या पेटीत तिची छाती भराभर वरखाली होत राहिली आणि मग थांबली.

“हा खाण्यापिण्यातून येतो. कच्चं दूध, त्याचं पनीर, फ्रिजमधलं शिळं. दूध उकळलं की मरतो. तुम्ही असं काही खाल्लं होतं का?”

प्रेरणानं मान वर केली. “डॉक्टर, मी...”

“कच्चं दूध,” दाराशी उभी असलेली तिची सासू चंपा मध्येच बोलली. “मीच देल्लं. कुरुदच्या गवळ्याकडून आणत होती रोज. न तापवता पाजलं. म्हटलं, ताकद येईन.”

सुगतनं आईकडे पाहिलं. संताप यायला हवा होता. काहीच आलं नाही.

“तुम्हाला माहीत नव्हतं, मावशी,” डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाल्या.

“नोतं माहीत,” चंपा म्हणाली आणि बाहेर बाकावर जाऊन बसली. प्रेरणा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

घरी आल्यावर सुगत आईशी भांडला नाही. फक्त तिच्या हातचं खाणं त्यानं सोडलं. स्टील प्लांटच्या कँटीनमध्ये जेवायचा, रोलिंग मिलमध्ये शिफ्ट भरायचा, घरी येऊन झोपायचा. मिलमध्ये लाल लोखंड समोरून जायचं, त्याची झळसुद्धा लागेनाशी झाली होती.

शेजारणी भेटायला येत. कोणी काही विचारायच्या आत चंपाच सांगून टाकी, “माह्याच हातानं झालं, बाई. सुनेचा काई दोष नाही.” हळूहळू बायका तिच्याजवळ बसेनाशा झाल्या. विहारात वंदनेला ती मागे, एकटी बसू लागली. कोणी मुद्दाम बोललं तरी ऐकून घेई.

प्रेरणा तर बोलायचीच नाही. गॅसवर भाजी करपली तरी ती समोर उभीच असायची.

एका सकाळी चंपा पिशवी भरून दारात आली. “नंदिनी गावाले जाते. कवडूकडे,” ती म्हणाली. कवडू तिचा धाकटा भाऊ. “माह्यं तोंड पाहून तुमाले तरास होते.”

सुगत मोटरसायकल पुसत होता. त्यानं हात थांबवला नाही.

प्रेरणा आतून धावत आली. तिनं सासूचा पदर धरला. “आई, नका जाऊ. मी ह्यायले सगळं सांगते...”

“चूप राह्य,” चंपानं तिची बोटं एकेक करून सोडवली. “काई सांगू नको. जेवत जा बराबर, पोरी.” आणि ती ऑटोत बसून गेली.

उन्हाळा सरत आला तेव्हा कवडूमामाचा फोन आला. ताई अंथरुणाला लागली होती. अन्न जात नव्हतं. “तुमचंच नाव घेऊन राह्यली,” मामा म्हणाला. सुगतनं ऐकलं, “बरं,” म्हटलं आणि फोन ठेवला.

“आईले घेऊन या,” प्रेरणा म्हणाली.

“कावून?”

“या घरातल्या हायेत त्या.”

“माह्या पोरीले मारलं तिनं,” सुगत म्हणाला. इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदाच ओरडला होता. “स्वतःच्या तोंडानं सांगतलं डाक्टरले. तूच होती ना तिथं? त्या बाईले मी घरात घेऊ?”

प्रेरणा भिंतीला टेकून खाली बसली.

“आईनं मले बोलूच देल्लं नाही,” ती म्हणाली. “फ्रिजातलं शिळं मीच खाल्लं होतं. दूध तर रोज मीच उकळत होती.”