हळू आवाजात

खालच्या मजल्यावरची जर्मन म्हातारी पोलिसांना घेऊन लेकीच्या जर्मनीतल्या घराच्या दारात आली, तेव्हा कोंडाबाईंचा फोन अजून कानालाच होता. वर कुणाला तरी मारहाण होतेय, अशी तिची तक्रार.

"आई फोनवर कागलच्या मावशीशी बोलत होती," लेकीनं त्यांना जर्मनमध्ये समजावलं. "आमच्याकडं मायेचा हेलच असा असतो."

पोलीस हसत गेले. कोंडाबाईंना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या रविवारी त्यांनी खिडक्या लावून घेतल्या आणि तोंडावर पदर धरून, अगदी हळू, बहिणीची ख्यालीखुशाली विचारली.

पलीकडून बहिणीचा रडवेला आवाज आला, "आक्का, खरं सांग. जावई नीट बघत न्हाईत व्हय तुला? आज एकदाबी शिवी दिली न्हाईस मला."