संस्थापकांचा डावा बूट

लेकीचा शेवटचा पेपर. याच विषयात तिनं दोनदा गटांगळी खाल्लेली, त्यामुळे आत जायला तिचं पाऊल उचलेना. विद्यापीठाच्या फाटकाशी संस्थापकांचा काळपट पुतळा आहे. मी ठोकून दिलं, “यांच्या डाव्या बुटाला हात लाव. आमच्या वेळी सगळे लावायचे, नाहीतर तुझा बाप पास झाला असता का?” “बाबा, थापा नका मारू,” म्हणत तिनं हात लावलाच, आणि हसत आत गेली. मागच्या पोरांनी पाहिलं, त्यांनीही लावला. पेपर सुरू झाला. मी चहा घेतला, तो गार झाला. बाकावर बसलो, उठलो, पुन्हा बसलो. कुठल्या प्रश्नाला अडली असेल? शेवटी न राहवून पुतळ्याकडे गेलो, तिथे दुपारच्या पेपरवाल्यांची झुंबड. घुसून हात पुढे केला. वॉचमन खेकसला, “ओ काका, रांगेत या. विद्यापीठाची जुनी परंपरा आहे.” मुकाट्यानं रांगेच्या शेवटी गेलो.