यवतमाळहून येणारे प्लग

रिजवानने पिकअपच्या इंजिनातले दोन्ही प्लग काढून दीपाच्या तळहातावर ठेवले. एकाची पांढरी चिनीमाती उभी तडकली होती. दुसऱ्याचं टोक जळून पार झिजलं होतं.

"म्हणून झटके मारून राह्यली होती," तो म्हणाला. "ताई, यवतमाळ तं सोडा, हे गाडी पुढचा चढ नसती चढली."

मागे झेंडूची पोती रचलेली होती. उद्या दसरा. दीपाच्या शब्दावर घराने यंदा रस्त्याकडच्या वावरात कपाशी न लावता झेंडू लावला होता, आणि पहिला तोडा घेऊन ती सासू शकुबाईबरोबर सकाळीच यवतमाळच्या बाजाराला निघाली होती. आर्णी यायच्या आधीच गाडी आचके देऊ लागली. कशीबशी रिजवानच्या गॅरेजपर्यंत आली आणि बंद पडली.

रिजवानने आतून दोन डब्या आणल्या. "तुमच्या नंबरचा नाही माह्याजवळ. हे दोन प्रकार हायेत."

दीपाने एक नवा प्लग जुन्याला लावून धरला. जाडी तीच होती, पण आट्यांचा भाग नखभर लांब होता.

"हा बसन?"

"बसन. पण आत जास्त उतरन. पिस्टनले लागला तं इंजिन गेलं."

"अन् हा आखूड?"

"चालू होईन गाडी. एवढं वजन घेऊन चढावर दम टाकन."

शकुबाई इतका वेळ फुलांच्या पोत्यांवर ओला बारदाना टाकत होती. ती पुढे आली. "लांबवाला टाक बाप्पा. यवतमाळ तं गाठू दे. मंग पाहू काय होते ते."

"मावशी, माही गाडी असती तं मी टाकला नसता," रिजवान म्हणाला. "तुमची हाय. तुम्ही सांगा."

दोघंही दीपाकडे पाहू लागले. तिने जुना प्लग पदराने खसाखसा पुसला. काजळीखालून पुसट नंबर वर आला.

"याच नंबरचा यवतमाळात भेटन?"

"माह्या साडूचं दुकान हाय तिथं. यष्टीच्या ड्रायवरजवळ देईन तो. पण येता येता दुपार होईन."

"दुपारी कोण घेते फुलं?" शकुबाईचा आवाज चढला. "दुसरी गाडी पाय नं एखादी."

"आज कुठची गाडी, मावशी? सारे बाजारात गेले."

दीपाने दोन्ही नवे प्लग डब्यांत ठेवले, डब्या बंद केल्या आणि रिजवानच्या हातात दिल्या.

"बोलवा यवतमाळहून."

"तुह्या हट्टापायी कपाशी गेली," शकुबाई म्हणाली. "आता फुलंबी जातीन." आणि गॅरेजसमोरच्या लिंबाखाली जाऊन पाठ फिरवून बसली.

पोत्यांतली फुलं तापू लागली होती. दीपाने ताडपत्री ओढून लिंबाच्या सावलीत अंथरली, एक पोतं उतरवलं आणि तिच्यावर मोकळं केलं. मग दुसरं. ताडपत्रीवर केशरी ढीग वाढत गेला.

तेवढ्यात लालसिंग ट्रॅक्टरवाला आला. उद्याच्या पूजेसाठी ट्रॅक्टर धुऊन घ्यायचा होता. त्याने ढिगाकडे पाहिलं आणि लिंबाखाली बसलेल्या शकुबाईला विचारलं, "मावशी, ट्रॅक्टरले हार भेटन का? मोठा पायजे."

"हार नाही," शकुबाई तुटकपणे म्हणाली. "फुलं हायेत."

"मंग हार करून द्या नं. ट्रॅक्टर धुवून होईपर्यंत मी बसतोच."

शकुबाई उठली. गाडीच्या कॅबिनमध्ये पोती शिवायचं दाभण आणि सुतळीचा गुंडा होता, ते घेऊन आली. ढिगापाशी मांडी घातली आणि दीपाकडे न बघता म्हणाली, "टपोरे पाहून दे."

पहिला हार ट्रॅक्टरच्या तोंडावर चढला तो रस्त्यावरून दिसत होता. एक ऑटो थांबला. मग दुधाच्या मोटारसायकली. उद्या ज्याला ज्याला गाडी पुजायची होती, तो आज गॅरेजला नाहीतर शेजारच्या पेट्रोल पंपावर यायचाच होता. दीपा फुलं निवडून देत होती, शकुबाई ओवत होती. दाभण दोनदा बोटात शिरलं, पण तिने हात झटकला आणि पुढचं फूल घेतलं. रिजवाननेही पाना खाली ठेवून सुतळी तोडायला घेतली.

यष्टी आली तेव्हा दीपाच रस्त्यावर धावली. डबी उघडून तिने प्लग जुन्याशी लावून पाहिले. नंबर तोच, लांबी तीच. रिजवानने ते आधी नुसत्या बोटांनी फिरवले. कुठेही न अडता ते आत उतरले. मग त्याने पान्याने आवळले.

"मारा चावी."

इंजिन एका दमात सुरू झालं. आचका नाही, धूर नाही. दीपाने स्टिअरिंगवर हात ठेवून जरा वेळ तो आवाज नुसता ऐकला. मागे एकच पोतं उरलं होतं, तेही अर्धं.

"आई, यवतमाळले जायाचं?"

"काय घेऊन जातं आता?" शकुबाईने पिवळे झालेले हात लुगड्याला पुसले. "वावरात आर्धी फुलं उभीच हायेत. घराकडं घे, तोडून आणू. संध्याकाळपर्यंत इथंच इकू."

गाडी वळवायला रस्ता अरुंद होता. एका बाजूने ट्रक येत होता, दुसऱ्या बाजूने मोटारसायकली. दीपा मागे बघत थांबली. शकुबाई सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही हात वर केले.

ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला.

"थांब नं बाप्पा!" ती ओरडली. "सून गाडी वळवून राह्यली माही."