मीरासाबची मावशी

“नाक्यावर कुनी इचारलं तर काय सांगायचं?” मीरासाबनं आरशातून मागं बघत विचारलं.

“भाचा हाय माजा म्हनून सांगायचं,” यल्लव्वा म्हणाली.

“आन् भाडं?”

“भाडं न्हाय. कोल्लापूरला निगाला हुता, मलाबी घेतलं गाडीत.”

“बास. एवढंच. जास्ती बोलाय जाऊ नगा.”

कोडोली सुटल्यापासून ही उजळणी तिसऱ्यांदा झाली होती. मीरासाबची ॲम्बॅसिडर खाजगी. एका वकिलाच्या दारातली जुनी गाडी त्यानं घेतली, टॅक्सीच्या परमिटासाठी अर्ज केला, त्याला दीड वर्ष झालं. अर्ज हलत नव्हता आणि पोट काही थांबत नाही. कायद्याची गंमत बघा: गाडी तीच, चाकं तीच, रस्ता तोच. बसणाऱ्याकडून पैसे घेतले तर ती टॅक्सी, नाही घेतले तर घरची गाडी. परमिट नसताना भाडं घेताना सापडला की गाडी जप्त आणि अर्ज केराच्या टोपलीत. म्हणून त्याच्या गाडीत बसेल तो माणूस नाक्यापुरता त्याचा पावणा व्हायचा. पन्हाळा तालुक्यात एवढा गोतावळा दुसऱ्या कुणाचा नसेल.

यल्लव्वा त्याच्याच गावची, पण नुसती तोंडओळख. सकाळी दवाखान्यातून निरोप आला, लेकीचं, अंजनाचं, पोटाचं ऑपरेशन अकरा वाजता. एस्टी निघून गेलेली. जाऊन-येऊन तीस रुपये ठरले. ते तिनं पदराच्या गाठीत बांधले आणि वाटभर त्या गाठीवर मूठ ठेवून बसली.

शिरोलीच्या नाक्यावर इन्स्पेक्टरनं हात केला.

माणूस पोक्त होता, या कामात केस पिकवलेला. त्यानं कागद मागितलेच नाहीत. सरळ मागच्या खिडकीशी वाकला.

“आजी, गाडी कुणाची?”

“माज्या भाच्याची.”

“भाच्याचं नाव काय?”

“मीरासाब.”

“आणि तुमचं?”

“यल्लव्वा.”

इन्स्पेक्टर हसलासुद्धा नाही. “म्हणजे यल्लव्वा मावशी आणि मीरासाब भाचा.”

“मग? आमच्या गावात नाव बघून मावशी म्हनत न्हाईत,” यल्लव्वा ताडकन बोलली. जास्ती बोलायचं नाही हे ती पार विसरली. “लेक दवाखान्यात हाय माजी. अकराला तिचं ऑपरेशन हाय. सोडा आमाला, सायेब.”

इन्स्पेक्टरनं घड्याळ पाहिलं. साडेदहा होत आले होते. देवाची शपथ माणसं खुशाल घेतात, हे त्याला वीस वर्षांत कळून चुकलं होतं.

“त्या लेकीची शपथ घ्या,” तो म्हणाला. “गाडीवाल्याला एक पैसा दिला नाही आणि देणार नाही, म्हणा. लगेच सोडतो.”

गेली आपली गाडी, असंच मीरासाबला वाटलं. पोटच्या पोरीवर खोटी शपथ कोण घेईल, आणि तीही आजच्या दिवशी?

यल्लव्वानं एकदा त्याच्या मानेकडं बघितलं. मग गाठीवरची मूठ काढून घेतली.

“अंजीच्या गळ्याची शप्पत. पैसा दिला न्हाय आन् देनार न्हाय.”

इन्स्पेक्टर बाजूला झाला. त्यानं टपावर थाप मारली आणि गाडी सुटली.

पंचगंगेचा पूल गेला, शहर लागलं.

दवाखान्याच्या फाटकाशी मीरासाबनं तिची दुरडी काढून खाली ठेवली. यल्लव्वा पदराची गाठ सोडायला लागली. सुटेना तेव्हा दातांनी सोडली. दहाच्या तीन नोटा हातात घेऊन ती उभी राहिली, पण हात काही पुढं जाईना.

“मी कुनाचं बुडवनारी बाई न्हवं, मीरासाब,” ती म्हणाली. “पन ह्ये तुला दिलं तर शप्पत खोटी हुती रं. आन् पोरगी आत हाय.”

मीरासाबला ते तीस रुपये हवे होते. परतीचं पेट्रोल त्यातूनच भरायचं होतं. एरवी नाका ओलांडला की त्याचं प्रत्येक पावणं परत गिऱ्हाईक व्हायचं आणि पैसे देऊन आपल्या वाटेला लागायचं. या बाईनं ती वाटच बंद करून घेतली होती, आणि तीही त्याची गाडी वाचवताना. त्यानं नोटांकडं बघितलं, मग दवाखान्याच्या दाराकडं.

“ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला. “बांधा गाठ. घेनाऱ्यालाबी त्ये पाप लागतंच की. जातो मी. परत येताना तुमी एस्टीनं या.”

यल्लव्वानं गाठ बांधली, डोळे पुसले आणि दाराकडं निघाली. चार पावलांवर थांबून तिनं वळून बघितलं. मीरासाब गाडीत बसून किल्ली फिरवत होता आणि दुरडी होती तिथंच होती.

“निगालास कुटं?” ती खेकसली.

“गावाकडं. झालं न्हवं काम?”

“सायबापुढं भाचा म्हनून बसलास, त्ये काय नाक्यापुरतंच व्हय? गाडीला कुलूप घाल आन् ती दुरडी उचल. बहीन हाय तुजी आत.”